पहाटेची साखर

मित्रांनो, तुमच्या नखावर कधी कधी पांढरा ठिपका उमटतो ना, त्या ठिपक्यावर माझ्यासारख्या हजारो जणी दाटीवाटीने बसतील. इतकी मी लहान आहे. आणि जुनी म्हणाल तर ज्या माणसाच्या पोटात जन्मले त्याच्याएवढी जुनी. कातडीच्या पेशी आज असतात आणि महिन्याभरात झडून जातात. आमची जात तशी नव्हे. आम्ही बहुतेक जणी माणसाच्या बालपणीच तयार होतो आणि मग त्याच्याबरोबर म्हाताऱ्या होत जातो. आम्हाला बीटा पेशी म्हणतात.

जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा लांबट, मऊ अवयव असतो. त्याचा बहुतेक भाग अन्न पचवणारा रस करण्यात गुंतलेला असतो. त्या गडबडीत मधूनमधून आमच्या छोट्या वस्त्या असतात. समुद्रात बेटे असावीत तशा त्या दिसतात, म्हणून त्यांना बेटेच म्हणतात. माझ्या बेटावर आम्ही हजारभर पेशी होतो. भिंतीला भिंत लागलेली, आणि भिंतींना इतक्या बारीक खिडक्या की एकीच्या घरात खुट्ट झाले तरी दुसरीला कळावे.

आमचे काम काय, ते सांगते. तुम्ही फळ खा, भात खा, त्यातली साखर रक्तात उतरते आणि माझ्या घरात शिरते. तिच्यासाठी माझे दार कधीच बंद नसते. आत आली की मी ती जाळते. साखर जास्त तेवढी माझी शेगडी जोरात. शेगडी फुलली की माझ्या भिंतीतल्या काही झडपा आपोआप मिटतात, अंगात विजेची बारीक कळ उठते, मग दुसऱ्या झडपा उघडतात आणि कॅल्शियमचे कण आत धावतात. माझ्याकडे इन्सुलिन भरून ठेवलेल्या पिशव्या असतात. कॅल्शियम आले की त्या भिंतीला जाऊन चिकटतात आणि बाहेर रिकाम्या होतात. इन्सुलिन म्हणजे एक निरोप. तो रक्तातून स्नायूंकडे, चरबीकडे, यकृताकडे जातो आणि सांगतो, साखर आली आहे, घ्या, साठवा. साखर उतरली की माझी शेगडी मंदावते, झडपा पुन्हा पूर्ववत होतात आणि मी गप्प बसते. या गप्प बसण्याला कमी लेखू नका. बोलायला काय, कुणालाही येते.

शेजारी अल्फा काकू राहत. त्यांचे काम नेमके उलटे. रक्तातली साखर कमी झाली की त्या ग्लुकागॉन नावाचा निरोप यकृताला धाडत, "अहो, कोठार उघडा, माणूस उपाशी आहे!" मी बोलू लागले की काकू आवाज खाली आणत. कोपऱ्यात डेल्टा आजी. त्यांचा निरोप लांब जात नसे, आम्हा शेजारणींपुरताच असे, आणि त्याचा अर्थ एकच, "पुरे गं पोरींनो, हळू." वयाने आजी आमच्याच बरोबरीच्या, पण प्रत्येक वस्तीत असे कुणीतरी लागतेच.

मला डोळे नाहीत. कानही नाहीत. पण आवाज हाडामांसातून थरथरत खोलवर येतो आणि इतक्या वर्षांत तो ओळखायला मी शिकले. चेहरे मात्र मी कधी पाहिले नाहीत. जी माणसे मी तुम्हाला सांगणार आहे ती सारी मी ऐकलेली माणसे आहेत.

पहिला माणूस पोहायला शिकवणारा होता. मुले त्याला बेडूकसर म्हणत आणि तो ओ देई.

"बेडूकसर, पाणी गार आहे!"

"मग मी काय करू, शेगडीवर ठेवू?"

दिवसभर त्याचा आवाज तलावाच्या फरशांवर आपटून परत येई. श्वास सोड, पाय मार, घाबरू नकोस, मी आहे. शिकवणी संपली की तो मुलांबरोबर गोड बिस्किटे खाई. एक तुला, दोन मला, असा त्याचा न्याय. बिस्किटाचा वास आला की मेंदूकडून आम्हाला आधीच सूचना येई, आतडेही कळवी, आणि साखर पोचायच्या आत आम्ही पिशव्या भिंतीशी आणून तयार राहत असू. मग सगळ्या बीटा एका ठेक्यात बोलत. दर काही मिनिटांनी एक लाट, मग विसावा, मग पुन्हा लाट. खिडक्यांतून वीज एकीकडून दुसरीकडे सरकत जाई. त्या ठेक्यात मी कोण आणि शेजारीण कोण हे कळत नसे. मला वाटायचे, जगणे म्हणजे असेच असते.

एके दिवशी तलावावरचा दिवा बदलायला बेडूकसर शिडीवर चढला. पाय ओले होते. तो पडल्याचा आवाज मी ऐकला आणि त्यानंतर त्याचा आवाज कधीच ऐकला नाही. हृदय यंत्राच्या मदतीने चालत होते. रक्त येत होते. पण मेंदूकडून येणाऱ्या तारा मुक्या झाल्या. डोक्याला मार असा लागला होता की तो परत येणार नव्हता. खाटेशेजारी त्याची बायको डॉक्टरांना म्हणाली, "त्यांनी कुणाला बुडू दिलं नाही कधी. त्यांचं जे कामाला येईल ते घ्या."

अशा रीतीने मी कामाला आले.

स्वादुपिंड बाहेर काढून गार पेटीतून नेले. एका स्वच्छ खोलीत ते औषधी पाण्यात हळूहळू विरघळवले आणि चाळून चाळून आमची बेटे वेगळी केली. या सगळ्यात कितीतरी बेटे फुटली. उरलेली एका पोषक द्रावात तरंगत होती. आयुष्यभर ज्यांच्या भिंती माझ्या भिंतीला लागून होत्या त्यांतल्या पुष्कळ जणी तिथेच संपल्या. त्यांच्या बाजूच्या खिडक्यांतून आता काहीच येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्हाला एका पिशवीतून, बारीक नळीतून, एका बाईच्या यकृताकडे जाणाऱ्या शिरेत थेंबाथेंबाने सोडले. रक्ताच्या ओघात वाहत वाहत जिथे शीर अरुंद झाली तिथे आमचे बेट अडकले. तेच आमचे नवे घर.

यकृत हे वाईट घर नाही, मित्रांनो. पण ते परके घर आहे. मेंदूकडून सूचना आणणारी तार इथे आमच्यापर्यंत येत नाही. चहूकडे यकृताची स्वतःची साखर, त्यामुळे अल्फा काकूंना बाहेरच्या रक्तात काय चालले आहे ते नीट ऐकू येत नाही. भर दुष्काळातही त्यांना वाटते, आहे की भरपूर! डेल्टा आजी वाटेतच गेल्या. आम्ही बीटा मोजक्या उरलो, आणि दूरदूरच्या शिरांमध्ये अशीच आणखी बेटे अडकली असतील असे नुसते मानायचे. त्यांची हाक इथवर येत नाही. शिवाय प्रत्येक शरीरात पहारेकरी पेशी असतात. परका दिसला की त्या धावून येतात. ती बाई सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेई, त्या गोळ्यांनी पहारेकऱ्यांना पेंग येई, म्हणून आम्ही जिवंत होतो. एक गोळी चुकली तरी मला खाली शिरेतून पावले वाजल्यासारखी वाटत.

आता या बाईचे सांगते. ती कपडे शिवायची आणि दुरुस्त करायची. गिऱ्हाइके तिला ताई म्हणत. ती लहान असताना तिच्याच पहारेकऱ्यांनी गफलतीने तिच्याच बीटा पेशींना शत्रू समजून संपवले होते. तिने गोड जास्त खाल्ले म्हणून नव्हे, कुणाचा राग लागला म्हणून नव्हे. असे होते कधी कधी. तेव्हापासून ती सुईने इन्सुलिन घेत आली. पण सुईच्या इन्सुलिनची एक अडचण असते. एकदा अंगात गेले की ते परत बोलावता येत नाही. जेवायला उशीर झाला, जास्त चालणे झाले, तरी ते आपला निरोप देतच राहते. साखर घटत जाते. पुन्हा पुन्हा असे झाले की शरीर धोक्याची खूणही द्यायचे सोडते. ना घाम, ना थरथर. ताई बोलता बोलता खाली कोसळायची.

म्हणून लहानपणापासून तिला कुणी एकटे सोडले नव्हते. दुकानात तिच्या शिवणयंत्राशेजारी एक स्टूल होते आणि स्टुलावर तिची आई. दिवसभर. दुकान एका म्हाताऱ्या शिंप्याचे होते, त्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांची नजर अधू झाली होती आणि दुकान ताईला द्यावे असे त्यांच्या मनात होते.

"काज तुझ्यासारखं कुणी करत नाही," ते म्हणायचे. "पण मी चावी कुणाला देऊ? तुला की स्टुलाला?"

"दोघींना द्या," आई म्हणायची.

"दोघींना दिली तर गिऱ्हाईक विचारेल, मास्तर कोण आणि राखणदार कोण! नाही बाई. गरम इस्त्री, चालतं यंत्र. एकटी दिवस काढू शकली तर चावी तिची. नाहीतर जागा मी घरमालकाला परत देणार."

ताईच्या पायाखाली यंत्राची पावडी तेवढी जोरात चालू लागे. तिला काय हवे होते ते मला तिच्या नाडीवरून कळे. तिला एक दिवस हवा होता, ज्यात शेजारी कुणी नसेल. आणि मला, जिच्या शेजारी फारसे कुणी उरले नव्हते, याचे नवल वाटायचे. आमचे एकमेकींशी कधीच बोलणे होणार नव्हते. नाहीतर मी तिला म्हटले असते, दे तुझी गर्दी मला थोडी.

पहिले काही आठवडे आम्हाला नवीन रक्तवाहिन्या फुटत होत्या. मग आम्ही काम सुरू केले. डॉक्टर खूश होत्या. सुईतले औषध हळूहळू कमी होत गेले. "आता पेशी सांभाळतील," त्या म्हणाल्या. ही माझी एवढीच काय ती स्तुती, ती मी पुष्कळ दिवस पुरवून वापरली.

पण एक गोष्ट घडू लागली. पहाटे रक्त शांत असते. बाई झोपलेली, जेवण पचून गेलेले. तेव्हा मी पिशव्या भरून ठेवते आणि जरा टेकते. नेमकी त्याच वेळी साखर येई. जेवण नाही, चाहूल नाही, एकदम गोड लाट. मी दचकून कामाला लागे. लाट सरते न सरते तोच दुसरी. पूर्वी हजार जणींनी वाटून घेतले असते ते आता आम्हा मूठभरांवर पडे. सकाळी ताई उठून बोटाला टोचून साखर बघे, तेव्हा ती अजून उतरलेली नसे.

खरे सांगू? मी थकत होते, आणि तरी त्या लाटेची वाट बघू लागले होते. दिवसभराच्या साखरेला कारण असे. हिला कारण नव्हते. त्या मुक्या घरात कुणीतरी रोज पहाटे फक्त माझ्याकडे येते आहे, असे मला वाटायचे.

डॉक्टरांना मात्र काळजी वाटू लागली. तपासणीच्या दिवशी त्यांचा आवाज जड होता.

"उपाशीपोटीची साखर काही खाली येत नाहीये. पेशी दमल्यात असं दिसतंय. कदाचित शरीर त्यांना नाकारतंय."

"म्हणजे?" ताईने विचारले.

"म्हणजे पुढच्या तपासणीतही असंच निघालं तर या गोळ्या बंद कराव्या लागतील. फार जड गोळ्या आहेत, पेशी काम करत नसतील तर तुमच्या अंगाला उगीच धोका कशाला? पुन्हा पूर्वीसारखी पूर्ण सुई."

गोळ्या बंद म्हणजे पहारेकरी जागे. म्हणजे मी संपले. आणि ताईसाठी? पुन्हा स्टूल. मास्तरांची चावी घरमालकाकडे.

"उठल्यावर तोंड कोरडं पडतं का?" डॉक्टर विचारत होत्या. "घशाला शोष?"

"नाही हो. नेहमीसारखंच. गोड."

"गोड?"

"म्हणजे सकाळी सगळ्यांचं असतं ना तसं."

डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"माझं नसतं," डॉक्टर म्हणाल्या.

"असं कसं? सिस्टर, तुमचं असेल की."

"माझं कडू असतं बाई," सिस्टर म्हणाली. "आमचे हे म्हणतात, म्हणूनच तू सकाळी सकाळी तशी बोलतेस."

ताई हसली, पण एकटीच. "आई, हे काय म्हणतायत बघ. सकाळी तोंड गोड नसतं का सगळ्यांचं? माझं तर लहानपणापासून..."

खुर्ची करकरली. आईचा आवाज इतका खाली आला की मला तो जेमतेम पोचला.

"मी लावते."

"काय लावतेस?"

"पाक. साखरेचा. बोटाने, गालाच्या आतून. पहाटे, तू झोपेत असतेस तेव्हा. बाटली ठेवलीय उशाशी. कपाळ ओलसर लागलं तर दोनदा."

"आई! रोज?"

"तू नऊ वर्षांची होतीस, चिंगे. पहाटे हाक मारली तर उठेनास. दात घट्ट बसलेले. तेव्हा बोटानेच घातली होती साखर. मग दुसऱ्या दिवशी मला धीर होईना. मग तिसऱ्या दिवशी. मग सवयच झाली बोटाला."

"पण आता डॉक्टरांनी सांगितलंय ना, पेशी बसवल्यात म्हणून?"

"डॉक्टर येतात का पहाटे घरी?" आई एकदम चिडून म्हणाली, आणि मग तिला रडू फुटले.

मित्रांनो, मी किती वर्षांची, मला काय काय समजते असे मला वाटायचे! ती लाट माझ्यासाठी नव्हतीच. एक बाई अंधुक उजेडात उठून दुसरीच्या गालात बोट घालत होती आणि मी मधल्यामध्ये पाहुणा आला म्हणून हरखत होते.

डॉक्टर रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून आईजवळ बसल्या असाव्यात, कारण आवाज जवळून आला. "आई, तुमच्या बोटाने हिला इतकी वर्षं जगवलं. मला मान्य आहे. पण सुईचं औषध थांबत नाही म्हणून तुम्हाला ते करावं लागायचं. या पेशी थांबतात. साखर कमी झाली की त्या आपण होऊन गप्प बसतात. तुम्ही पाक घातला की त्यांना वाटतं जेवण आलं, आणि बिचाऱ्या पहाटेपासून राबायला लागतात."

"आणि नाही थांबल्या तर?"

"थांबतील."

"तुम्ही पाहिलंय त्यांना?"

"इथे आतमध्ये? नाही."

"मग! मी हिला पडताना पाहिलंय."

शेवटी ताईच म्हणाली, "आई, पुढच्या तपासणीपर्यंत. पाक नाही. आणि एक दिवस मी दुकानात एकटी बसणार."

"पडलीस तर?"

"पडले तर उठेन."

"आजवर एकदा तरी आपली आपण उठलीयस?"

दुसऱ्या पहाटे मी पिशव्या भरून बसले. आई उठल्याचे कळले, कारण खाट हलली. बाटलीचे झाकण दोनदा खडखडले. ती ताईच्या इतकी जवळ बसली की तिचा श्वास ऐकू येत होता, भराभर, पोहायला पहिल्यांदा पाण्यात उतरलेल्या मुलासारखा. झाकण उघडले नाही. उजाडेपर्यंत ती तशीच बसून राहिली. साखर आली नाही. मी इतकी विश्रांती कित्येक दिवसांत घेतली नव्हती, आणि इतके एकटेही मला कधी वाटले नव्हते. मला वाटते, त्या वेळी त्या घरात आम्ही दोघी सारख्याच होतो, ती बाहेर आणि मी आत.

काही दिवसांनी सकाळची साखर उतरली. डॉक्टरांनी सुई पूर्ण बंद केली. आणि मग तो दुकानातला दिवस आला.

मास्तर बाहेरगावी गेले. आई घरी थांबली. निदान तसे ठरले तरी होते. ताईने दार उघडले, इस्त्री लावली, यंत्रावर बसली. सुरुवातीला ती गुणगुणत होती. मग गिऱ्हाइके येऊ लागली. एका वाजंत्री वाजवणाऱ्या काकांचा कोट होता, संध्याकाळी त्यांना तो घालून वाजवायला जायचे होते.

"कोट आटलाय बघा ताई."

"कोट नाही आटला काका. तुम्ही पसरलात."

"वाजवताना पोट फुगवावं लागतं."

"मग काढून ठेवत चला ना वाजवून झाल्यावर!"

दोघेही हसले. पण काम किचकट होते. अस्तर उसवायचे, बगलेत कापड जोडायचे. जेवणाची वेळ आली आणि गेली. डबा पिशवीतच राहिला. रक्तातली साखर हळूहळू उतरू लागली.

हीच ती वेळ होती. पूर्वी अशाच दुपारी सुईचे इन्सुलिन हट्टाने आपले बोलत राही आणि ताई यंत्रावर कोसळे. आता इन्सुलिन सोडणारी मी होते. माझी शेगडी मंद झाली. भिंतीतल्या झडपा उघडल्या. अंगातली वीज विझली. भिंतीशी आलेल्या पिशव्या तिथेच थबकल्या. मी एक शब्द बोलले नाही. माझ्या शेजारणीही गप्प झाल्या असतील अशी मला आशा होती, आणि दूरच्या शिरांमधली ती न दिसणारी बेटेसुद्धा. विचारायला मार्ग नव्हता. प्रत्येकीने आपापल्या अंधारात गप्प बसायचे आणि बाकीच्याही बसल्या असतील असा भरवसा ठेवायचा, एवढेच हातात होते. इन्सुलिनचा आवाज थांबला तसे यकृताने आपले कोठार थोडे किलकिले केले. अल्फा काकूही काहीतरी पुटपुटल्या. उतरणारी साखर मंदावली. पण ती थांबली की नाही, हे मला कळेना.

यंत्र थांबले. दोरा सुईत जाईना. एकदा, दोनदा.

"हात का थरथरतायत ताई?" काकांनी विचारले.

ताईच्या हृदयाचे ठोके माझ्यापर्यंत येत होते. मग ती हळूच म्हणाली, "काका, मला भूक लागलीय."

"मग जेवा की! त्यात रडायचं काय?"

"रडत नाहीये. मला भूक लागलेली कळलीय."

काकांना बिचाऱ्यांना काय कळणार? कितीतरी वर्षांनी तिच्या शरीराने तिला वेळेवर खूण दिली होती. डब्याचे झाकण उघडले. ती जेवू लागली. काका उगीच खाकरत दाराशी गेले आणि म्हणाले, "समोरच्या पायरीवर एक बाई केव्हाची बसलीय. मुठीत बाटली धरून. तुमची कुणी आहे का? आत बोलावू?"

ताईचा घास थांबला.

"नको," ती म्हणाली. "बसू दे तिला तिथेच."

संध्याकाळी कोट गेला, इस्त्री निवली, तेव्हा दार वाजले.

"भूक लागली होती ना गं?" आईने विचारले.

"तुला कसं कळलं?"

"काम टाकून मान वर केलीस तेव्हा. मी उठले होते, अगदी रस्त्याच्या कडेपर्यंत आले होते. मग तू डबा काढलास."

"मग आत का नाही आलीस?"

"तू काढलास ना डबा," आई म्हणाली.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी गोळ्या चालू ठेवायला सांगितले. मास्तरांनी चावी दिली आणि वर बजावले की काज तिरके झाले तर परत घेईन. आई आपले स्टूल स्वतः उचलून घरी घेऊन गेली. पहिले काही दिवस ती दुकानावरून उगीच चक्कर मारी. मग तेही कमी झाले. दुकानात दिवसभर आता एकच आवाज असतो, पावडीचा. ताईला हेच हवे होते.

मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे. माझ्यासारख्यांचे या परक्या घरातले आयुष्य किती, हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून जाता जाता थोडे मागते. तुमच्या स्वतःच्या पोटात या क्षणी लाखो बेटे आपापले ऐकत, बोलत, गप्प बसत आहेत. तुम्हाला त्यांचा पत्ताही नाही, आणि तो लागू नये हेच त्यांचे काम. त्यांना वेळेवर जेवू घाला, खेळा, झोपा, दिवसभर येताजाता गोड टाकून त्यांना राबवत ठेवू नका. वर्गात एखादा मित्र सुईने इन्सुलिन घेत असेल तर त्याच्याकडे टक लावून बघू नका. त्याच्या बेटांवर बीटा उरलेल्या नाहीत, म्हणून साखरेचा हिशेब तो दिवसभर स्वतःच करत असतो. त्याच्या शेजारी बसा. तो अचानक चिडला, गोंधळला, त्याला घाम फुटला तर त्याच्याकडची साखर त्याला खायला द्या आणि मोठ्या माणसाला हाक मारा. तो पेंगुळला असेल, नीट गिळत नसेल, तर तोंडात काही घालू नका, धावत जाऊन मोठ्यांना बोलवा. आणि तो ठीक असेल तेव्हा त्याला जरा एकटे खेळू द्या. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत अवघड आहे, हे मी एका बाईच्या श्वासावरून शिकले.

आता दुपार कलली आहे. ताईच्या हातात कुणाचा तरी शाळेचा गणवेश आहे, शिवण लांब आहे आणि ती अजून उठलेली नाही. साखर हळूहळू उतरते आहे. शेजारच्या खिडकीतून काही ऐकू येत नाही. मी गप्प बसले आहे. थोड्या वेळाने तिला भूक लागेल.